चौकशीचा अनुभव

खांडबाऱ्याच्या बाजारपेठेत सुमेरमल शेठचं कापसाचं जुनं गोदाम होतं. त्यात त्यांच्या मुलीने, फाल्गुनीने, शाळा काढली, हा गावाला बसलेला पहिला धक्का. मुलगी पुण्यात शिकली, दोन वर्षं परदेशात राहून आली. आता ती दुकानात बसेल किंवा लग्न होऊन सुरतेला जाईल, असे दोनच रस्ते गावाने तिच्यासाठी मोकळे ठेवले होते. तिने गोदामाला पिवळा रंग दिला, भिंतींना मुलांच्या उंचीच्या खिडक्या पाडल्या आणि पहिली ते चौथीची चाळीस मुलं आत बसवली. त्यांत दुकानदारांची होती, शेतकऱ्यांची होती, पाड्यांवरची होती. एकाला ऐकू येत नव्हतं, एक चाकाच्या खुर्चीवर होती. सगळी एकाच सतरंजीवर.

"कापूस होता तेव्हा गोदाम शांत होतं," एवढंच सुमेरमल शेठ म्हणाले.

दुसरा धक्का पत्रकाचा. फाल्गुनीताईंनी शाळेचं पत्रक आधी इंग्रजीत लिहिलं आणि घाईत मोबाईलकडून त्याचं मराठी करून घेतलं. मोबाईलला खांडबारा काय माहीत. त्याने छापलं: 'चौकशी, समावेशन आणि जागतिक नागरिकत्व यांना वाहिलेली स्वतंत्र प्राथमिक शाळा.' ताईंना म्हणायचं होतं की इथे मुलं प्रश्न विचारतील आणि उत्तरं स्वतः शोधतील. पण आपल्याकडे चौकशी दोनच प्रकारची. एक खात्याची, दुसरी स्टँडवरची.

खात्याच्या चौकशीचा परिणाम आधी दिसला. निवृत्त ग्रामसेवक गिरधर आप्पा रोज सकाळी त्या गल्लीतून दूध आणायला जायचे, ते पत्रक वाचल्या दिवसापासून रेल्वे फाटकाकडून वळसा घालून जाऊ लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी काहीच केलेलं नाही. पण ते सिद्ध करत कशाला बसायचं?"

मग स्टँडची चौकशी सुरू झाली. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन थेट दुसरीच्या वर्गात आली आणि म्हणाली, "नंदुरबारची गेली का?" ताईंना अतोनात आनंद झाला. त्यांनी मुलांना विचारलं, गाडी गेली की नाही हे आपल्याला कसं कळेल? मुलांनी पाच मार्ग सुचवले, फळ्यावर लिहिले, त्यांतला एक निवडला आणि दोघांना रस्त्यावर पाठवलं. वीस मिनिटांत उत्तर आलं. गाडी होती, पण आत्ताच गेली.

जागतिक नागरिकत्वाचं तर सांगूच नये. तिघे जण दुकानात येऊन सुमेरमल शेठना विचारून गेले की त्याचे कागद कोणकोणते लागतात आणि रेशन कार्डावर भागेल का.

एवढं होऊनही ताईंनी पत्रक बदललं नाही, कारण त्यांना वेळच नव्हता. उलट त्याच मोबाईलकडून दुसरं छापून घेतलं: 'चौकशीवर आधारित अध्यापनासाठी मदतनीस पाहिजे. चौकशीचा अनुभव असणाऱ्यांस प्राधान्य.'

हे पत्रक शेंगदाण्यांच्या पुडीबरोबर बाजारामागे राहणाऱ्या हिंमतरावांच्या घरी पोचलं. त्यांनी शेंगदाणे बाजूला ठेवले, पुडी सरळ केली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि बायकोला म्हणाले, "मीनाबाई, मन्हा अनुभव एकतीस सालना शे."

ते खरंच होतं. हिंमतराव तापीकाठच्या एका गावचे. घरी केळी, ऊस, तिघे भाऊ शेतात. हे एकटेच एस.टी.त लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून जिल्ह्यातल्या एका स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले, ते साठी होईपर्यंत. समोर जाळी, जाळीला अर्धगोल भोक, हातात माइक. त्या भोकातून जिल्ह्याने त्यांना विचारलं. अहिराणीत विचारलं, भिलीत विचारलं, पावरीत, गुजरातीत, मारवाडीत विचारलं, आणि हिंमतरावांनी ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिलं. एकतीस वर्षांत एकही माणूस उत्तराशिवाय परत गेला नाही, हा त्यांचा अभिमान. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बाईला गाडी तर सांगितलीच, पण ती गाडी अजून दोन तासांनी आहे, तोवर राग गेला तर परतीची आत्ता लागलीय, हेही सांगितलं.

निवृत्त झाले आणि विचारणं एकदम थांबलं. मुलगा लखन गाड्या मोबाईलवर बघायचा. शेजारी मोबाईलवर बघायचे. एकदा एक पाहुणा ओसरीवर बसून नवापूरच्या गाडीची वेळ मोबाईलमध्ये शोधत होता, आणि हिंमतराव समोर बसून ती तोंडपाठ वेळ ओठांत धरून वाट बघत होते. पाहुण्याने वर पाहिलं नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"तुमले आते कोन इचारी ऱ्हायनं?" मीनाबाई म्हणाल्या. "मोबाईल शे ना समदासले."

म्हणून हिंमतराव इस्त्रीचा शर्ट घालून, सेवेचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन शाळेत गेले.

फाल्गुनीताईंनी प्रमाणपत्र वाचलं आणि बराच वेळ त्या खाली बघून ओठ दाबत राहिल्या. मग त्यांनी नीट समजावलं, की काका, घोटाळा शब्दाचा आहे, ही चौकशी वेगळी.

"चौकशी ती चौकशी," हिंमतराव म्हणाले. "समोरचा विचारतो, आपण सांगतो."

"इथे सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"मूल विचारेल. आपण उत्तर द्यायचं नाही. त्याला शोधू द्यायचं."

हिंमतरावांना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग वाटलं, परदेशात राहून आलेल्या माणसाच्या तब्येतीवर परिणाम होत असेल. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "उत्तर येत असलं तरी?"

"येत असलं तर जास्तच सांभाळायचं."

इथेच सगळं संपायचं. पण तेवढ्यात व्हरांड्यात एक पाड्यावरची आजी काहीतरी विचारत उभी राहिली. दोन्ही शिक्षिकांना तिचं कळेना. हिंमतराव उठून गेले, भिलीत दोन वाक्यं बोलले, आजी हसली आणि निघाली. ताई बघत होत्या. शाळेत मुलं चार भाषांतून येत होती आणि शिक्षिकांना मराठी सोडून काही येत नव्हतं.

"एक महिना बघू," ताई म्हणाल्या. "दुसरीच्या बारा मुलांचा गट तुमचा. महिनाअखेर प्रत्येक मुलाने स्वतःचा, मनातला, एक तरी प्रश्न विचारलेला असला पाहिजे. आणि तुम्ही उत्तर दिलेलं नसलं पाहिजे. जमलं तर राहा."

हिंमतराव घरी येऊन मीनाबाईंना म्हणाले, "माले तठेच ऱ्हावानं शे." त्यांच्या तोंडून असं वाक्य लग्नाच्या बत्तीस वर्षांत निघालं नव्हतं, त्यामुळे मीनाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ते कामावर हजर झाले. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सवयीने माइकवरचा आवाज लागला: "रिषभ सुमेरमल, खिडकीजवळील जागेवर बसून घ्यावे." सुमेरमल शेठचा नातू रिषभ जागच्या जागी ताठ झाला. शेजारच्या वर्गातली मुलं दप्तरं घेऊन बाहेर आली, त्यांना वाटलं गाडी लागली. फाल्गुनीताईंनी समजावलं की इथे आडनावाच्या जागी आजोबांचं नाव लावत नाहीत आणि आवाजही लावत नाहीत.

मग प्रश्न सुरू झाले. कावळे झोपायला कुठे जातात? मुंगीला गुडघे असतात का? मेलेला आंबा असतो का? प्रत्येक प्रश्नाला हिंमतरावांच्या नरड्यात उत्तर वर यायचं, आणि येत नसलं तर ते तिथल्या तिथे तयार व्हायचं, कारण खिडकीत 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. ताईंनी त्यांना एक वाक्य दिलं होतं, 'तुला काय वाटतं?' हे वाक्य म्हणायला त्यांना फार जड जायचं. साक्रीची गाडी कधी, असं विचारणाऱ्या प्रवाशाला 'तुम्हाला काय वाटतं' म्हटलं असतं तर जाळी तोडून लोक आत आले असते. शेवटी त्यांनी तोंडात खडीसाखर ठेवायला सुरुवात केली. प्रश्न आला की खडा या गालातून त्या गालात. तेवढ्यात मुलंच एकमेकांना काहीबाही सांगायला लागायची.

हळूहळू वाक्य जिभेवर बसलं, ते इतकं, की घरी मीनाबाईंनी 'भाजी कशी झाली?' विचारल्यावर हिंमतराव म्हणाले, "तुले काय वाटस?"

"माले वाटस, तुमनं पोट भरेल शे," असं म्हणून मीनाबाईंनी ताट उचललं.

दुसरा आठवडा संपला तेव्हा अकरा मुलांनी विचारून झालं होतं. रिषभने एकट्याने एकशे चार प्रश्न विचारले होते. ते कुणीतरी मोजत होतं, बहुतेक सुमेरमल शेठ.

राहिली एकच, मोगी.

मोगी आमशाची मुलगी. आमशा आणि त्याची बायको दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून गुजरातेत ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. दरवर्षी मोगीही जायची. या वर्षी फाल्गुनीताईंनी पाड्यावर जाऊन आमशाला गळ घातली, आणि मोगी पहिल्यांदाच आजीजवळ राहिली. ती रोज यायची, भिंतीला पाठ लावून बसायची, सगळं करायची. मातीचे बैल तर असे करायची की बाकीच्यांचे बैल बघवत नसत. पण विचारायची काही नाही. मराठीत नाही, भिलीत नाही.

तिसरा आठवडा सरता सरता ताई म्हणाल्या, "काका, आता आठच दिवस."

"मला माहीत आहे," हिंमतराव म्हणाले.

इतर कुणी असता तर मुलीला समोर उभी करून 'विचार बाळा, विचार' सुरू केलं असतं. एका शिक्षिकेने करूनही पाहिलं, तर मोगी दोन दिवस आलीच नाही. हिंमतरावांनी खिडकीत बसून एक गोष्ट मात्र शिकून ठेवली होती. धक्काबुक्की करत येतो त्याला गाडी माहीत असते, त्याला फक्त बोलायचं असतं. खरी अडचण त्या माणसाची असते, जो लांब खांबापाशी उभा राहून दुसऱ्यांना मिळालेली उत्तरं ऐकत असतो. त्याला हाक मारली की तो जातो. त्याच्यासाठी आपण माइक बाजूला ठेवायचा, मान खाली घालायची आणि कागद लावत बसायचं. खिडकी रिकामी दिसली की तो येतो.

म्हणून मधल्या सुट्टीत मुलं अंगणात गेली की हिंमतराव बुटक्या खिडकीपाशी मांडी घालून जुने कागद लावू लागले. लावलेले पुन्हा विस्कटायचे, पुन्हा लावायचे. सोमवारी मोगी दारापाशी होती. मंगळवारी फळ्यापाशी. बुधवारी कपाटापाशी येऊन तिथेच बसली. गुरुवारी शाळेला सुट्टी होती, तर हिंमतरावांना घरी कागदच सापडेनात आणि त्यांनी लखनची विजेची बिलं लावली.

शुक्रवारी ती खिडकीशी आली. हिंमतराव खाली बघत होते. मोगी भिलीत म्हणाली, "आई गेली तिथे कोणती गाडी जाते?"

हिंमतरावांचा हात कागदावर थांबला. खडीसाखर होती, ती गिळली गेली. आठ वर्षांची पोर, महिनाभर आईला पाहिलेलं नाही. एकतीस वर्षांत त्यांना लाख प्रश्न आले असतील, पण असा अचूक त्यांच्याच खिडकीचा प्रश्न इथे, या शाळेत, उत्तर देण्याची बंदी असताना यावा, याने ते सुन्न झाले. मागे पावलं वाजली. फाल्गुनीताई वर्गात आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या. हिंमतरावांनी त्यांना पाहिलं. 'तुला काय वाटतं' हे वाक्य त्यांनी तोंडापर्यंत आणलं आणि परत नेलं.

"कुठे गेलीय आई?" त्यांनी भिलीत विचारलं.

"व्यारा."

"मग ऐक. इथून विसरवाडी. विसरवाडीहून नवापूर. नवापूरला उतरायचं, समोरच्या बाजूला गुजरातची लाल-पांढरी गाडी लागते, तिने सोनगड. सोनगडहून व्याऱ्याला दर थोड्या वेळाने आहे. सकाळी निघालीस तर जेवायला आईजवळ."

मोगीने सगळं ऐकलं. ओठ हलवून पाठ केलं. हिंमतरावांनी ताईंकडे बघायचं टाळलं. आपला महिना इथे संपला, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं, आणि तरी छातीत बरं वाटत होतं.

मग मोगी म्हणाली, "आणि तिथे उतरल्यावर?"

हिंमतरावांनी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. व्यारा म्हणजे त्यांच्या डोक्यात एक फलाट होता, फलाटाला आकडा होता, आणि त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी माणसं त्या फलाटापर्यंत पोचवली होती, आणि उतरून ती कुठे जात असतील हे एकदाही मनात आलं नव्हतं. ते स्वतः नवापूरच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते.

"माहीत नाही," ते म्हणाले. आधी भिलीत, मग मराठीत. त्यांचाच त्यांना विश्वास बसेना.

मोगीला मात्र काही वाटलं नाही. ती वळून अंगणात गेली आणि तिने भिलीतच, हातवारे करत, रिषभला विचारलं. रिषभने सगळ्यांना विचारलं. सुट्टी संपेपर्यंत दुसरीची बारा मुलं खिडकीभोवती होती. आईबाप कुणाबरोबर गेले? जामसिंग मुकादमाबरोबर. त्याचा नंबर? मोगीच्या आजीकडे, पत्र्याच्या डब्यावर खिळ्याने कोरलेला. चाकाच्या खुर्चीवरची चांदनी म्हणाली, नकाशा काढू. जामसिंगला फोन लागला तेव्हा मुलांनी त्याला एवढं विचारलं, की हा सरकारी माणसांचा फोन असावा असं वाटून तो आधी सगळे मजूर आनंदात आहेत असंच सांगत राहिला. नंतर म्हणाला, स्टेशनवर या, मी जीप पाठवतो, मळे कॅनॉलच्या कडेला आहेत.

"स्टेशन?" हिंमतराव म्हणाले.

"रेल्वे सरळ जाते की, काका," रिषभ म्हणाला. "खांडबाऱ्याला बसायचं, व्याऱ्याला उतरायचं. चार गाड्या कशाला?"

हा त्या दिवसातला तिसरा धक्का, आणि हिंमतरावांना तो सगळ्यांत जास्त लागला.

शनिवारी त्यांनी अर्ज लिहून आणला. 'मी खाली सही करणार असे कबूल करतो की, काल मधल्या सुट्टीत विद्यार्थिनी मोगी हिला उत्तर दिले. सबब मला कामावरून मोकळे करण्यात यावे.' फाल्गुनीताईंनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी आहे. मोगीच्या आजी, मी, सहा मुलं आणि तुम्ही."

"आणि अर्ज?"

ताईंनी पर्सची चेन लावली.

रविवारी हिंमतराव आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी रेल्वेत बसले. भांडण असलेल्या घरच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे कडेला बसले होते. नवापूर गेलं, आणि पुढचं सगळं त्यांना नवीन होतं. 'हे कोणतं गाव?' मुलं विचारायची, आणि हिंमतराव त्यांच्याच बरोबर खिडकीतून डोकं काढून पाटी वाचायचे. एकदा त्यांनीच शेजारच्या माणसाला विचारलं, "हा डोंगर कोणता?" त्याने सांगितलं. ते नाव त्यांनी ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

जीपमधून उतरल्यावर कॅनॉलच्या कडेला निळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या झोपड्या दिसल्या. आमशा फडात होता, मोगीची आई उसाची मोळी बांधत होती. तिने मुलीला पाहिलं आणि मोळी हातातून सुटून तिच्या पायावर पडली. रडली नाही, ओरडली नाही. काही तरी वाईट घडल्याशिवाय सगळे असे रविवारी येणार नाहीत, अशा नजरेने ती एकेकाकडे बघत गेली: सासू, दुकानदारांची पोरं, सलवार-कुर्त्यातली ताई. इस्त्रीच्या शर्टातल्या म्हाताऱ्या माणसावर नजर थांबली. तो साहेब असणार. काही तरी चौकशी असणार.

"हा कोण?" तिने भिलीत विचारलं.

प्रश्न हिंमतरावांना कळला. तो त्यांच्याबद्दलच होता. आपण कोण, हे कालपासून त्यांनाच नक्की नव्हतं. अर्ज पर्समध्ये होता. त्यांनी फाल्गुनीताईंकडे पाहिलं. ताईंना भिली येत नव्हती, पण प्रश्न काय असेल हे त्यांनाही कळलं होतं.

मोगी शेजारच्या मोळीवर चढून बसली होती. ती म्हणाली, "हा आमच्या शाळेतला. याला पुढचं माहीत नसतं, म्हणून आम्ही शोधतो. उद्यापण येणार आहे." आणि मग, हे मराठीतही सांगितलेलं बरं म्हणून, ताईंकडे वळून तिने तेच मराठीत सांगितलं. मराठीतलं तिचं पहिलंच वाक्य, तेही तीन वाक्यांएवढं लांब.

ताईंनी पर्स उघडली. अर्ज काढला, उलटा केला आणि मोगीच्या आईपर्यंत निरोप पोचेल असा फोन नंबर त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला.

मोगीच्या आईने मोळी बाजूला सरकवली, हिंमतरावांना बसायला जागा केली, आणि हात पदराला पुसत विचारलं की पोर शाळेत नीट जेवते का, रडते का, अंथरुणात बोलते का, आणि तिला वाचता यायला किती दिवस लागतील.

हिंमतराव उसावर बसले आणि पहिल्या प्रश्नापासून सांगू लागले.